उंबऱ्यातले दगड

फोन आला तेव्हा तो ताईच्या गाऊनच्या कॉलरवर, आतल्या बाजूनं, तिचं नाव लिहीत होता. ताईला ठेवायचं ठरलं होतं त्या वृद्धनिवासात सगळ्यांचे कपडे एकत्र धुतात, तेव्हा प्रत्येक कपड्यावर न पुसणाऱ्या शाईनं नाव हवं, असं तिथल्या मुख्य नर्सनं बजावून सांगितलं होतं. शाई घरात होतीच. बारीक टोकाचा टाकही होता. उभ्या आयुष्यात त्यानं दुसरं केलं होतं काय? मातीतून निघालेल्या खापराच्या आतल्या अंगाला, कुणाच्या नजरेत येणार नाही अशा जागी, मुंगीच्या पायांसारखे आकडे काढायचे: कुठलं गाव, कुठलं घर, कुठला थर. कॉलर टेबलावर ताणून धरताना हात आपसूक तेच वळण घेत होता आणि त्याला त्याचं विशेष काही वाटत नव्हतं. वाटलं ते फोन कानाला लावल्यावर. "सर, तो प्लास्टरमधला ठोकळा आज उघडला. उंबऱ्याचा," पलीकडून हाडवैदीण म्हणाली. ही त्याचीच जुनी विद्यार्थिनी. आता संग्रहालयात सगळी हाडं तिच्या ताब्यात होती आणि हे टोपणनाव तिनं स्वतःच स्वतःला ठेवलं होतं. एरवी ती फोनवर आधी पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोलायची. आज नाही. "म्हातारीचा हात सापडला, सर. तुम्ही येऊन बघता का?" तो 'येतो' म्हणाला आणि फोन ठेवल्यावर पाहतो तर टाक कॉलरवरच टेकलेला राहिला होता, नावाच्या शेवटच्या अक्षराचा काळा गोळा होऊन तो कापडाच्या धाग्याधाग्यातून पसरत चालला होता.

ताईच्या खोलीच्या दारात तो गेला तेव्हा बायको ताईला कुशीवर वळवत होती. एक गुडघा पलंगावर, एक हात ताईच्या खांद्याखाली, कमरेला तो रुंद पट्टा आवळलेला. "जरा संग्रहालयात जाऊन येतो," तो म्हणाला. बायकोनं मान वर केली नाही. "या. कपडे मी करते पुरे." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं त्याला जिना उतरताना वाटलं. राग कधीच संपून गेला होता. आता उरली होती ती नुसती हिशेबीपणानं वापरलेली ताकद, तळाला गेलेलं पीठ पुरवून पुरवून वापरावं तशी.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. काचेवर कुणाच्या तरी डोक्याच्या तेलाचा डाग होता आणि त्या डागातून शहर वितळल्यासारखं सरकत होतं. म्हातारीचा हात. उजवा हात. त्याला ती जागा अजून डोळे मिटून दाखवता आली असती, आणि आता डोळे मिटूनच दाखवता आली असती, कारण ते टेकाड कधीच धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं. पाणी चढत होतं आणि ते खणत होते. रोज सकाळी उतरणीवरच्या खुंट्यांपैकी सगळ्यात खालची दिसेनाशी व्हायची. चार हजार वर्षांपूर्वीचं गाव, शेती नुकती कळू लागलेल्या माणसांचं. मातीची चौकोनी घरं, भिंतींच्या पायाला नदीतले गोटे, दारासमोर चूल, कोपऱ्यात धान्याची मातीची कणगी, चोपून चोपून शिळेसारखी झालेली जमीन. भांडण नाही, जाळपोळ नाही. नदीनं पात्र बदललं, शेतं वाळली, आणि एका पिढीत सगळे उठून गेले. जाताना त्यांनी धान्य वाटायचे पाटे नेले नाहीत, ते जड होते. पण दारांच्या चौकटी नेल्या, लाकूड होतं म्हणून. चौकट नसलेल्या दारांच्या त्या घरांमधून फिरताना तेव्हा त्याला, तिशीतल्या माणसाला, एक विचित्र संकोच वाटायचा, कुणी घरी नसताना आत शिरल्यासारखा. आणि मग शेवटच्या घरात म्हातारी सापडली. खड्ड्यात पुरलेली नाही, जमिनीवरच, उंबऱ्याला लागून, दाराकडे तोंड करून. तोंडात एकही दात नाही, आणि दात पडलेल्या जागा भरून येऊन हाड गुळगुळीत झालेलं, म्हणजे दात जाऊन कित्येक वर्षं लोटलेली. मांडीचं हाड मोडून वाकडं सांधलेलं. ती चालू शकत नव्हती, चावू शकत नव्हती, आणि तरी वर्षानुवर्षं जगली होती. म्हणजे कुणीतरी तिचं धान्य वाटून मऊ केलं होतं. कुणीतरी तिला उचलून उन्हात बसवलं होतं. तिच्या मागे भिंतीशी दोन मडकी होती, एकात जळून नव्हे तर कुजून काळं पडलेलं धान्य, दुसरं रिकामं. दाराची पोकळी बाहेरून दगड रचून बंद केलेली. त्यानं लिहिलं: गाव सोडताना लोकांनी आपल्या मृत वृद्धेला तिच्याच घरात निजवलं, सोबत शिधा ठेवला, घराचीच समाधी केली. त्या लेखानं त्याचं नाव झालं. पोरांच्या पाठ्यपुस्तकात तिचं चित्र आलं, खाली ओळ: माणसानं माणसाची काळजी घेतल्याचा पुरावा. उजव्या हाताची हाडं मनगटापासून पुढे नव्हती. घुशींनी नेली असतील असं सगळ्यांनाच वाटलं, कारण नेतातच. आणि उंबरा तपासायला वेळ नव्हता. पाणी खुंट्यांच्या शेवटच्या ओळीला लागलं तेव्हा त्यांनी उंबऱ्याचा भाग दगडांसकट, मातीसकट, प्लास्टर ओतून अख्खा ठोकळा करून उचलला. तो ठोकळा कोठारात पडून राहिला. आता कोठार हलवायचं होतं म्हणून एकेक पेटी उघडत होते.

ताई तेव्हा खणकाम बघायला आली होती. ती दर वर्षी यायची, 'इन्स्पेक्शनला' म्हणायची. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी. दिवसभर कानाला यंत्र लावून अनोळखी माणसांना अनोळखी माणसांशी जोडून द्यायची. आई गेली तेव्हा तो इतका लहान होता की आईचा म्हणून त्याला जो आवाज आठवतो तो ताईचाच आहे. लग्नाचं विचारलं की ती म्हणायची, "होल्डवर ठेवलंय." खड्ड्याच्या काठावर छत्री धरून उभी राहून तिनं म्हातारीकडे बघितलं होतं. कवटीचा जबडा उघडा होता. सगळे गंभीर चेहरे करून उभे असताना ताई म्हणाली, "हिचं अजून बोलणं संपलेलं नाही रे. ऐकून घ्या कुणीतरी." सगळे हसले होते. तोही.

हाडवैदिणीनं टेबलावर दिवा वाकवून ठेवला होता. प्लास्टरचं कवच एका बाजूनं कापून काढलेलं, आत नदीतले गोटे अजून एकावर एक रचलेले, मधल्या फटींमध्ये वाळून विटेसारखी झालेली माती. ती बाजूला झाली. दोन गोट्यांच्या मधल्या फटीत बोटं होती. चार बोटांची हाडं, ओळीनं, जशी असायला हवीत तशी, कुठेही विस्कटलेली नाहीत. तळव्याची हाडं आतल्या अंगाला. बोटांची टोकं बाहेरच्या अंगाला. करंगळी शेजारच्या बोटावर किंचित चढलेली, अरुंद जागेत हात घालताना चढते तशी.

"घुशी नाहीत, सर," ती हळू आवाजात म्हणाली. "एकही दाताची खूण नाही."

"हं."

"आणि दगड रचून झाल्यावरच घातलाय हात. आधी हात आणि मग दगड असं असतं तर हाडं चेंगरली असती."

त्यानं चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. बघायला आणखी काही नव्हतं, तरी तो वाकून बघत राहिला. त्याच्या मनात पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता, कुतूहलाचा होता: किती वेळ? मडक्यातलं पाणी किती दिवस पुरेल? धान्य तर शिल्लक होतं. पाणी आधी संपलं. मग ती मोडक्या मांडीनं सरपटत दारापर्यंत आली. हे सगळं त्याच्या डोक्यानं सवयीनं, एखाद्या कारकुनासारखं, बिनबोभाट जुळवून टाकलं. जुळल्यावर मग टेबलाची कड धरून तो स्टुलावर बसला.

"जनावरं येऊ नयेत म्हणून रचले असतील दगड," हाडवैदीण म्हणाली. ती त्याच्यासाठीच म्हणत होती, हे त्याला कळलं. "तरस, लांडगे. आणि परत यायचंही असेल त्यांना. म्हणून तर शिधा ठेवला."

"असेल."

"पाटीचं काय करायचं? नवं दालन उघडतंय. संचालक विचारत होते."

"जे दिसलं ते लिही."

"आणि तुमचं वाक्य? काळजीचं?"

काळजी घेतलीच होती की. वाकड्या सांधलेल्या हाडाला कुणी नाही म्हणणार नव्हतं. वर्षानुवर्षं धान्य वाटणारे हात आणि शेवटच्या दिवशी दगड रचणारे हात एकाच माणसाचे असतील, बहुतेक असतीलच, कारण एवढ्याशा गावात दुसरं कोण असणार? हे एका पाटीवर कसं लिहायचं असतं ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. "ठेव," तो म्हणाला. "त्याच्या खाली हेही लिही."

घरी बायकोनं सगळ्या कपड्यांवर नावं लिहून घड्या घातल्या होत्या. डाग पडलेला गाऊन वेगळा ठेवला होता. ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर पाठ भिंतीला लावून, डोळे मिटून बसली होती. त्यानं तिला सगळं सांगितलं. ती ऐकत होती की नाही कळेना. मग डोळे न उघडताच तिनं विचारलं, "तिचं करत कोण होतं?"

"म्हणजे?"

"दळायचं, भरवायचं, पुसायचं. कोण होती ती?"

"ते कसं कळणार?"

"बघा. तिचं नाही कुणी चित्र काढलं." ती हसल्यासारखं करून थांबली. "मी टोमणा नाही मारत. तुम्हाला वाटेल मारते. काळजीवर लिहायला तुम्ही, काळजी घ्यायला मी, असं मी एकदा म्हणाले होते, तेव्हा मारला होता. आता खरंच विचारतेय. ती बाई मला दिसते. दगड आणायला नदीवर तीच गेली असेल. आणि येताना प्रत्येक खेपेला तिला वाटलं असेल, आता बस, एवढे पुरे. पण पुरले नसतील."

डॉक्टरांनी तिच्या मणक्याचा फोटो उजेडावर धरून दाखवला होता. आणखी कुणाला उचललंत तर तुम्हालाच उचलायला माणूस लागेल, असं सांगितलं होतं. मदतीला ठेवलेल्या बाया टिकल्या नव्हत्या. एक ताईला भिऊन गेली, एक ताईला कंटाळून. मुलगा परदेशातून स्क्रीनवर येऊन 'तुम्ही दोघं आधी स्वतःकडे बघा' म्हणाला होता. सगळं बरोबर होतं. कुठेही कुणाचं चुकत नव्हतं. ताईला त्यांनी सांगितलं होतं, महिनाभराचा प्रश्न आहे, हिच्या पाठीचं ऑपरेशन होऊ दे, मग आणतो परत. ऑपरेशन ठरलेलंच नव्हतं. हे वाक्य त्यानं स्वतः ताईच्या पलंगाशी बसून, तिचा निकामी हात हातात घेऊन म्हटलं होतं, आणि ताईनं चांगल्या डोळ्यानं त्याच्याकडे बघत म्हटलं होतं, "बरं."

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको औषधं आणायला खाली गेली असताना तो ताईच्या खोलीत जाऊन बसला. पडद्यातून आलेला उजेड तिच्या चेहऱ्याच्या सैल बाजूवर पडला होता. पक्षाघाताच्या झटक्यानं तिची उजवी बाजू गेली होती, आणि बोलणं तोंडात गरम घास असल्यासारखं झालं होतं. पण डोकं चोख, आणि जीभ, अर्धी का होईना, पूर्वीइतकीच तिखट.

"काल कुठे उलथला होतास?"

त्यानं सांगितलं. म्हातारी आठवते का विचारलं. आठवत होती. फटीतल्या बोटांचं सांगताना त्याचा आवाज बारीक झाला. खालच्या रस्त्यावर कुणीतरी मोटारसायकल सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

"म्हणजे जिवंत होती," ताई म्हणाली.

"हो."

"म्हातारी मेल्याचं दुःख नाही..." तिनं म्हण सुरू केली आणि पुढची अर्धी गिळली. तिच्या ओठाच्या कडेतून लाळ आली, ती त्यानं रुमालानं टिपली. टिपताना त्याला वाटलं, आत्ताच. आत्ता नाही सांगितलं तर आयुष्यात पुन्हा आपण हिच्या डोळ्यांत बघू शकणार नाही. त्याला स्वतःचं हे वाटणं त्या क्षणी फार स्वच्छ, फार धैर्याचं वाटलं.

"ताई, निवासाचं. ते महिनाभरासाठी नाहीये."

ताईनं डोळे मिटले.

"हिचं ऑपरेशन वगैरे काही नाही. आम्हाला होत नाहीये आता. खोटं बोललो मी."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. शब्द सावकाश, एकेक उचलून ठेवल्यासारखे येत होते. "मी काय दुधखुळी आहे? थंडीचे स्वेटर भरलेत तुझ्या बायकोनं. महिनाभराला कोण स्वेटर भरतं?"

"मग तू काही बोलली नाहीस..."

"कशाला बोलू? तू म्हणालास महिना, मी म्हणाले बरं. चाललं होतं की आपलं." तिनं डोळे उघडले. चांगल्या डोळ्यात पाणी नव्हतं. राग होता, आणि तो राग त्यानं लहानपणी, हातातली बरणी फुटली तेव्हा, पाहिला होता. "तू सांगायला नको होतंस. तिथं पडल्या पडल्या मला वाट बघता आली असती. खोटं आहे हे ठाऊक असूनसुद्धा बघता येते वाट. माणूस बघतं. एक्स्चेंजमध्ये लाइन मेलेली असायची, तरी लोक कानाला लावून बसायचे. मी सांगायची नाही त्यांना. म्हणायची, प्रयत्न करतेय." ती दमली. श्वास जुळवायला थांबली. "तुझ्या डोक्यावरचं उतरवलंस आणि माझ्या डोक्यावर ठेवलंस. झालं समाधान?"

"ताई..."

"त्या म्हातारीला कुणी सांगितलं नसेल. येतो म्हणाले असतील. दाणे ठेवले, पाणी ठेवलं, येतो म्हणाले. शहाणी होती माणसं." मग तिनं तोंड भिंतीकडे वळवलं. तेवढं तिला एकटीला जमत असे. जिन्यावर बायकोच्या चपलांचा आवाज येईपर्यंत तो तसाच बसून होता, आणि हातातला ओला रुमाल कुठे ठेवावा हे त्याला कळत नव्हतं.

निवासाची गाडी सकाळी आली. दोन माणसांनी ताईला खुर्चीसकट असं अलगद उचललं की बायको बघतच राहिली. इतकी वर्षं जे तिनं एकटीनं केलं ते हे इतकं सोपं होतं? निवासातली खोली स्वच्छ होती. खिडकीतून शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसत होती. दुसऱ्या पलंगावरची बाई झोपलेली होती, किंवा कायमच तशी होती. ताई सगळ्यांशी व्यवस्थित बोलली, मुख्य नर्सशीही. त्याच्याशीही बोलली, 'पाय झाक', 'चष्मा इकडे ठेव', एवढंच. निघताना तो तिच्या कपाळावर हात ठेवायला वाकला. लाखो वेळा म्हटलेला, तोंडात बसलेला शब्द जिभेवर आला: येतो. निरोप घेताना कुणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो'च म्हणतात. तो शब्द त्याला म्हणता येईना, आणि दुसरा शब्द भाषेत नव्हता. ताईनं थोडा वेळ वाट पाहिली. मग तिनंच म्हटलं, "बरं."

बाहेर ऊन होतं. दोघं बसस्टॉपपर्यंत चालत गेले. बस यायला वेळ होता, कोपऱ्यावर एक साधंसं हॉटेल होतं, ते आत जाऊन बसले. अंडी आणि पाव आला. आपल्याला काही जाणार नाही असं त्याला वाटत होतं. पहिला घास तोंडात गेला आणि त्याला भूक लागली. साधीसुधी नाही, पूर्वी दिवसभर खणून तंबूत परतल्यावर लागायची तशी, हातपाय कापायला लावणारी. तो खात सुटला. आणखी पाव मागवला. बशीतला पिवळा बलक पावाच्या कडेनं पुसून घेतला. अंगात कुठेतरी, खांद्यांच्या मधोमध, वर्षानुवर्षं आवळलेलं काहीतरी सैल होत होतं आणि त्याला ते थांबवता येत नव्हतं. समोर बायकोही खात होती. कमरेचा पट्टा तिनं सोडून शेजारच्या खुर्चीवर ठेवला होता.

"तुम्ही खाली कागदांवर सह्या करत होतात ना," ती अचानक म्हणाली, "तेव्हा ती नर्स ताईंना विचारत होती, रात्री-अपरात्री काही लागलं तर कुणाला फोन करायचा? भावाला ना? तर ताई म्हणतात, 'करा की. पण तो उचलायचा नाही. चार हजार वर्षांपूर्वीचा असेल तरच उचलतो.'"

त्याला हसू आलं. आधी नुसतं नाकातून. मग ते वर चढलं, घास घशात अडकला, डोळ्यांत पाणी आलं. बायकोही हसू लागली, तोंडावर हात धरून, खांदे हलवत, आणि शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. हसता हसताच त्याला ती माणसं दिसली. नदीच्या कोरड्या पात्रातून जाणारी, पाठीवर चौकटी, कडेवर पोरं. आजवर त्याच्या डोळ्यांपुढे ती नेहमी मान खाली घालून, पाय ओढत, मागे वळून वळून बघत गेली होती. तसं नव्हतं ते. ती भराभर चालत होती. ओझं हलकं झालं होतं. पहिल्या वळणानंतर, टेकाड दिसेनासं झाल्यावर, त्यांच्यातल्या कुणीतरी म्हातारीचाच एखादा जुना विनोद सांगितला असेल. आणि ते सगळे हसले असतील, असेच, पोट धरून.

"पुरे आता," बायको डोळे पुसत म्हणाली. "लोक बघतायत."

पण त्याला थांबता येईना.